दगडाच्या खुणा, लोखंडाच्या खुंट्या

वऱ्हाडाचा ट्रॅक्टर अनेर नदीच्या वाळूत रुतला आणि नव्या नवरीने शालू गुडघ्यापर्यंत खोचून, चपला हातात धरून पायी नदी ओलांडली, ते साल एक्याण्णव. नवरदेव म्हणजे बोरझिऱ्याच्या चिंधा आबाचा धाकटा मुलगा भटू. आबाच्या घरचं हे शेवटचं लग्न. मांडव अजून उतरला नव्हता, तेवढ्यात पाठीवर पिशवी आणि हातात एक रिकामी लाकडी चौकट घेतलेली एक मुलगी अंगणात येऊन उभी राहिली. बायांना वाटलं, फोटोवाली आली! दोघीतिघींनी तर पदर सारखे केले.

ती फोटोवाली नव्हती. ती धरणगावच्या सरकीवाल्या जवरीलाल शेठची मुलगी मंजू. पुण्याला एम.एस्सी. झालेली, आता पुढचा प्रबंध लिहीत होती. सहलीला येणारी माणसं जंगलाचं काय करतात आणि जंगल त्या माणसांचं काय करतं, हे तिला मोजायचं होतं. आणि तिला सातकुंडीच्या नाळेत नेऊ शकेल असा माणूस अख्ख्या मुलखात एकच होता.

बोरझिरा सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. गावाच्या मागून डोंगर फाटल्यासारखी एक घळ वर जाते, तीच सातकुंडीची नाळ. एकावर एक सात कुंडं. पहिल्यापाशी साती आसरांचं ठाणं, शेंदूर लावलेले सात दगड. तिथवर जीप जाते. चौथ्यापर्यंत धडधाकट माणूस जातो. पाचवं, सहावं अवघड. सातवं आबाखेरीज फार तर चारजणांनी पाहिलेलं. चिंधा आबा जंगल खात्यात मजूर म्हणून तीस वर्षं राबला, आणि त्या तीस वर्षांत त्याने नाळेच्या प्रत्येक वळणावर खूण रचली. तीन चपटे दगड, वर चौथा लहान, त्याचं टोक वाटेकडे. धुकं असो, पूर असो, त्या नाळेत एक माणूस कधी हरवला नव्हता. आबाला अक्षर येत नव्हतं, पण हे एक तो छाती काढून सांगायचा, "मन्ह्या खुणांवरून गयेला मानूस परत येस."

मंजूने ऑक्टोबरात त्याला बरोबर घेऊन सहाव्या कुंडापर्यंतची वाट मोजली. तिच्याजवळ शंभर हातांचा एक दोर होता, दर दोन हातांवर गाठ मारलेला. दर एका दोरावर तिने जमिनीत लोखंडाची खुंटी ठोकून घेतली, डोकं जमिनीबरोबर, वर तुपाच्या डब्याच्या पत्र्याची चकती, चकतीवर खिळ्याने ठोकलेला आकडा. त्या खुंटीपाशी वाट किती रुंद झाली, चौकटीत गवत किती उरलं, हे ती वहीत लिहायची. खुंट्या आबानेच ठोकल्या, पण ठोकताना तोंड चालू होतं.

"बाई, डोंगर काय म्हैस शे का, त्याले खुंट्याले बांधाले?"

"आबा, म्हैस पळत नाही. वाट पळते," मंजू म्हणाली. "दर वर्षी थोडी थोडी सरकते. खुंटी असली की कळतं."

त्या वेळी सातवं कुंड मात्र राहून गेलं. पाणी फार होतं. आणि सातव्या कुंडावाचून प्रबंध लंगडा होता. जिथे सहलीचा माणूस कधी पोचला नाही अशी एक जागा मोजलेली हवी. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. म्हणून डिसेंबरात, पाणी उतरल्यावर, तिघं निघाली. आबा, मंजू आणि वनरक्षक कौतिक. कौतिक भडगावकडचा, तिशीतला, दंडाने दांडगा, जिभेने त्याहून दांडगा.

पहिल्या कुंडावर ते सकाळी आठला पोचले, तर तिथे धूर! कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी वांगी भाजायला घातलेली, आणि शेजारी सतरंजीवर मंजूचे काका सोहनलाल आणि काकी प्रेमकुंवर.

"काकी! तुम्ही इथे?"

"तूच तर दिवाळीत तीन दिवस या कुंडाचं वर्णन करत होतीस," काकी हसली. "म्हटलं, पाहू तरी, आमची छोरी सासर सोडून कुठे रमलीय."

"अजून सासर आलंच कुठे, काकी!"

"तेच तर म्हणतेय!"

सोहनलालने भरीत, पुरी आणि मिरचीचा ठेचा पुढे केला. कौतिक लगेच मांडी घालून बसला. मंजूने मात्र आधी काकाचं मनगट पकडलं आणि घड्याळाकडे पाहत राहिली. येणाऱ्या प्रत्येकाची नाडी ती दोनदा मोजायची, आल्या आल्या आणि पाण्याशी तासभर बसल्यावर.

"ब्याण्णव," ती म्हणाली. तासाभराने पुन्हा मोजली. "चौऱ्याऐंशी. बघा काका, कुंडाने आठ ठोके कमी केले."

"डॉक्टर शंभर रुपये घेतो आणि वाढवून देतो," सोहनलाल म्हणाला.

"आबांची किती?" काकीने विचारलं.

"त्यांची गंमतच आहे. आल्यावर बासष्ट, तासाने बासष्ट. आजवर सात वेळा मोजली, सातही वेळा तेवढीच."

"मी काय सहलीले येस का?" आबा म्हणाला. "मी आथलाच शे."

काकी उठून काठावर गेली. तिथे दगडांच्या उतरंडी होत्या, शेकड्यांनी. दगडावर दगड, पाच, सहा, सात. दोनतीन वर्षांपूर्वी कुणीतरी इथे उतरंड रचली आणि सहा महिन्यांत त्याचं जळगावला घर झालं म्हणे! तेव्हापासून येणारा प्रत्येकजण उतरंड रचायचा. जेवढे दगड, तेवढे मजले. काकीनेही सात दगड रचले, वरच्या दगडाला कुंकू लावलं आणि हात जोडले. वीस वर्षं ती दोघं धरणगावला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती.

मंजूने हळूच वही काढली आणि लिहिलं, ‘उतरंडी, पहिलं कुंड, तीनशे बारा.’

"काकीचीही मोजलीस?" कौतिक म्हणाला.

"दगड काढला की खालचे किडे, शेवाळ, सगळं मरतं. काकीचा असो की तुझा."

तिघं वर निघाली. खुंटी आली की थांबायचं, चौकट टाकायची, गवत मोजायचं. चाल बैलाची. तिसऱ्या कुंडापाशी सोहनलाल आणि प्रेमकुंवर मागून आले आणि हसत पुढे निघाले. हातात काठ्या, खांद्यावर पाण्याची बाटली.

"चौथं कुंड पाहून परत फिरतो," सोहनलाल म्हणाला. "खाली दगड फार झालेत. हिला वर, मोकळ्या जागी एक रचायचीय."

"वाट चुकणार नाही ना?" काकीने आबाला विचारलं.

आबाने छाती काढली. "खुणा शेतस ना, अक्का. मन्ह्या खुणांवरून गयेला मानूस परत येस."

काकी निर्धास्त होऊन पुढे गेली. आबाने तेव्हा आकाशाकडे पाहिलं नाही. नंतर त्याला हे कित्येक दिवस सलत राहिलं.

चौथ्या कुंडाच्या वर नाळ अरुंद होते, दोन्ही कडे एकमेकांना टेकायला आल्यासारखे, आणि आतून जायला जागा नाही. तिथे बाजूच्या माळावरून डाव्या खांद्यावर चढायचं, मोठे खडक ओलांडायचे आणि पलीकडे पाचव्या कुंडाकडे उतरायचं. चौथ्या कुंडाशी टेकलेल्या काका-काकींना मागे टाकून ते खांद्यावर अर्ध्यात पोचले होते, दुपारचा एक वाजला होता, आणि वारा एकदम पडला. पाखरं गप्प. मग तापीच्या बाजूने काळं आभाळ धावत आलं. मार्गशीर्षात!

"अवकाळी!" कौतिक ओरडला.

पहिली गार मंजूच्या खांद्यावर बसली. मग तडतड, तडतड! बोराएवढ्या, मग सुपारीएवढ्या. तिघं एका कपारीखाली घुसली. मंजूने चौकट डोक्यावर धरली आणि तिच्यातून गारा खाली पडल्या तेव्हा कौतिकला तशातही हसू आलं. गारा थांबल्या, पाऊस लागला, आणि पावसामागून धुकं आलं. दहा पावलांवरचं झाड दिसेना. खाली नाळेत पाण्याचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, आता घरघर.

"खाली उतरता येणार नाही," आबा म्हणाला. "पाणी चढलंय. खांद्यावरून उलटं जाऊन माळावर निघू. माझ्या मागे या."

आबा पुढे झाला. ही वाट त्याच्या तळपायाला पाठ होती. एक खूण आली. दुसरी आली. तिसरी धुक्यातून वर आली, काळी, उभी. आबा तिच्या उजवीकडून झपाझप चालला. पाच पावलं. सात पावलं. काठी पुढे टेकवली...

काठी टेकलीच नाही!

आबा तसाच थबकला. एक पाय उचललेला. बुटाएवढा दगड त्याच्या पायाखालून सुटला, आणि तो खाली पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. कौतिकने मागून त्याच्या कंबरेला मिठी मारली आणि दोघं पाठीवर आदळले.

 मंजूने आबाचं मनगट धरलं. तिला घड्याळ पाहायचीही गरज नव्हती. बासष्ट वगैरे काही नव्हतं, हातात पाखरू धडपडत होतं.

आबा रांगत त्या उतरंडीपाशी गेला. त्याने दगड चाचपले. एक, दोन, तीन... सात.

"हाई मन्ही खूण नही शे," तो म्हणाला. 

शेजारीच मातीत तीन फिकट ठसे होते. वर्षानुवर्षं दगडाखाली राहिलेली माती, पांढुरकी, गवत नसलेली. आबाची खूण तिथे होती. कुणीतरी तिचे चपटे दगड उचलले होते, कारण उतरंडीला चपटे दगड छान बसतात, आणि चार हात पलीकडे, कड्याकडच्या अंगाला, आपलं सात मजल्यांचं घर रचलं होतं.

आबा मटकन खाली बसला. तीस वर्षं. त्याने त्या तीन ठशांवरून तळहात फिरवला, जसा माणूस रिकाम्या पाळण्यात फिरवील.

"आबा," मंजू म्हणाली. ती उतरंडीच्या वरच्या दगडाकडे पाहत होती. दगडाच्या बगलेला, पाऊस न लागलेल्या बाजूला, कुंकू होतं. ओलं, ताजं. "ही काकीने रचलीय."

कौतिकने शिट्टी फुंकली. तीनदा. धुक्याने शिट्टी गिळली. काहीच उत्तर नाही.

"चौथ्याहून परत फिरणार होते ना?" कौतिक म्हणाला. "वर कशाला आले?"

"मोकळी जागा शोधत," मंजू म्हणाली.  "आणि त्यांचा खुणांवर विश्वास होता."

ते शब्द आबाच्या वर्मी लागले. ‘परत येस’ असं कोण म्हणालं होतं? कुणी छाती काढली होती? आजवर या नाळेने एक माणूस गिळला नव्हता, आणि आता गिळला तर तो आबाच्या शब्दावर विसंबून आलेला असणार होता. तो उठला. 

"कथा गया व्हतीन त्या?" तो म्हणाला. कुठे गेले असतील, हा प्रश्न त्याने आयुष्यात कधी दुसऱ्याला विचारला नव्हता. डोंगराबद्दल लोक त्याला विचारायचे. पण रान चुकलेलं जनावर कुठे जाईल हे त्याला ठाऊक होतं. शहरातलं माणूस कुठे जाईल, हे त्याला काय माहीत?

मंजूने डोळे मिटले. वही काढायची गरज नव्हती, पानं तिच्या डोळ्यांसमोर होती.

"उजवीकडे," ती म्हणाली. "फाटा आला की शंभरातली त्र्याऐंशी माणसं उजवीकडे वळतात, जर तिकडे उतार असेल तर. सहलीचं माणूस चढ टाळतं. आणि पाण्याचा आवाज येईल तिकडे जातं. त्यांना वाटतं, पाणी म्हणजे कुंड, कुंड म्हणजे जीप. आबा, इथून उजवीकडे उतार आणि पाण्याचा आवाज, दोन्ही कुठे आहे?"

आबाने मान वर केली. धुक्यातच त्याला तो सगळा कडा दिसला.

"गिधाडाची पायरी!" तो म्हणाला. "कड्याच्या पोटातला अरुंद ओटा. पन्नास पावलं जातो आणि संपतो. खाली चौथं कुंड."

"मग ते तिथे आहेत."

"माले डोंगर समजस," आबा म्हणाला, "तुले मानसं समजतस. चाल!"

कड्याची धार धरून ते सरकत निघाले. दोर तिघांच्या कमरेला. आबा पुढे, काठीने चाचपत. वीस पावलं. तीस. मंजूने हाक मारली, "काकी!" पाण्याची घरघर. पुन्हा हाक, "काकी ओऽ!"

आणि खालून, अगदी पायाखालून, बारीक आवाज आला, "मंजू? ए मंजू! अठे हूं!"

आबा पोटावर पडला आणि खाली डोकावला. दोन माणसांच्या उंचीइतकं खाली, ओट्याच्या टोकाला, प्रेमकुंवर खडकाला पाठ लावून बसली होती. तिने पातळाचा पदर एका खुरट्या अंजनाच्या बुंध्याला बांधला होता, आणि त्याच पातळाचं दुसरं टोक सोहनलालच्या काखेतून घेतलं होतं. सोहनलाल ओट्यावरून अर्धा खाली लोंबत होता. एक पाय वाकडा. तोंड खडकाला टेकलेलं. खाली चौथं कुंड तांबडं होऊन उसळत होतं.

"पाय घसरला," काकी ओरडली. ती रडत नव्हती. "एक तासापासून धरून आहे. हात सुन्न झालेत!"

"घाबरू नको वं माय!" आबा ओरडला. "मी शे!"

दोर कशाला बांधायचा? वर एक झाड नव्हतं, नुसता ओला खडक. कौतिकने पाय रोवले, पण शेवाळावरून ते सुटू लागले. मंजूने इकडेतिकडे पाहिलं. दोन धोंडे, मध्ये हातभर फट. तिने पाठीवरची चौकट सोडली, ती बाभळीची चौकट, जी पाहून बाया फोटोवाली म्हणाल्या होत्या, आणि फटीच्या मागे आडवी टाकली. दोराचं टोक चौकटीला दोनदा गुंडाळलं. कौतिकने सगळा भार टाकून ओढून पाहिलं. चौकट धोंड्यांना भिडली आणि बसली!

"मी उतरतो," कौतिक म्हणाला.

"तू जड," आबा म्हणाला. "तू ओढ. मी हलका."

आणि साठ वर्षांचा आबा दोराला लटकला. गाठी! दर दोन हातांवर एक गाठ. मोजायला मारलेली प्रत्येक गाठ आता हाताला पायरी झाली. आबा उतरला. ओट्यावर टेकला. दगड सुटले. तो खडकाला चिकटला. एक पाऊल. दुसरं. त्याने सोहनलालच्या कमरेचा पट्टा पकडला आणि दोराचा फास काखेतून घातला.

"शेठ, डोळे उघडा. डोळे उघडा म्हणतो!"

सोहनलालने डोळे उघडले.

"वर पाहा. खाली भरीत नाही, वर आहे."

सोहनलालच्या तोंडातून काहीतरी निघालं. हसू होतं की कण्हणं, ते कळलं नाही.

"ओढ!"

कौतिक आणि मंजूने ओढलं. एक गाठ. दोन गाठी. चौकटीने कर्र् केलं. तीन गाठी. कडाड! चौकटीची एक बाजू मोडली! दोर हातभर सुटला, सोहनलाल किंचाळला, मंजू तोंडावर आपटली, पण तिने दोर सोडला नाही. उरलेल्या तीन बाजू फटीत तिरक्या अडकल्या आणि तशाच राहिल्या. "ओढा!" आबा खालून गरजला. चार. पाच. सहा! सोहनलालचे हात काठावर आले, कौतिकने त्याला कॉलर धरून वर ओढलं, पोत्यासारखं.

मग काकी. ती पातळ सोडायला तयार नव्हती. अंजनाच्या बुंध्याची गाठ तिने स्वतः सोडली, पातळ कमरेभोवती आवळलं, आणि मगच दोर धरला. शेवटी आबा. तो वर आला तेव्हा त्याची बोटं दोराभोवती अशी मिटली होती की मंजूला ती एकेक करून उघडावी लागली.

"बठ्ठा जित्ता शेतस," आबा म्हणाला आणि मग त्याला खोकला लागला.

पण जिवंत असणं आणि घरी पोचणं यात अजून अख्खा डोंगर होता. साडेतीन झाले होते. पाचनंतर अंधारून येणार. धुकं तसंच, सोहनलालला चालता येत नव्हतं, सगळे भिजून काकडत होते. आणि खांद्यावर जिकडेतिकडे उतरंडी. कोणती आबाची, कोणती लोकांची? जिथे आबाच्या खुणा उरल्या असतील तिथेही आता त्याचा त्यांच्यावर भरवसा नव्हता.

तो मंजूकडे वळला. "पोरी, तुन्ह्या खुंट्या?"

"चौसष्ट नंबरची इथून जवळ असली पाहिजे," मंजू म्हणाली. वही ओली होती, पण शिसपेन्सिलीचे आकडे पुसले नव्हते. "मोठ्या खडकाच्या टाचेला. तिथून त्रेसष्ट, पूर्वेला, एक दोर. मग दर दोराला एक. लोक दगड उचलतात. खुंट्या कुणाला दिसतच नाहीत."

"आते तू पुढे व्हय," आबा म्हणाला.

तीस वर्षांत त्या वाटेवर त्याच्या पुढे कुणी चाललं नव्हतं.

आबाने खडकाची टाच शोधली. ते त्याचं काम. गुडघ्यांवर बसून त्याने ओलं गवत चाचपलं. माती, गारा, माती, काटा... आणि बोटाखाली थंड पत्रा! मंजूने चकतीवर नख फिरवलं. सहा. चार.

"चौसष्ट!" कौतिक इतक्या मोठ्याने ओरडला की काकी दचकली.

मग ठरून गेलं. कौतिकच्या पाठीवर सोहनलाल. काकी खुंटीवर पाय देऊन दोराचं टोक धरून उभी. मंजू पिशवीतलं होकायंत्र पाहून दोर संपेपर्यंत पुढे जायची, आणि आबा तिथे रांगत, अर्धवर्तुळात, दोन्ही हातांनी जमीन झाडायचा. त्रेसष्ट सापडली. बासष्ट सापडायला वेळ लागला, वर गाळ आला होता. एकसष्टपाशी उजवीकडे सुबक नऊ दगडांची उतरंड होती, वाट दाखवत असल्यासारखी. मंजू तिच्याकडे न पाहता डावीकडे गेली, आणि खुंटी डावीकडेच होती. सत्तावन्न सापडली नाही. आबाने दोराच्या टोकाशी काठी रोवली, तिथून सगळे पुन्हा एक दोर पुढे गेले, आणि छप्पन्न सापडली.

"म्हशीला खुंटा पाहिजेच, आबा," कौतिक धापा टाकत म्हणाला.

"तू गप. तुन्ही म्हैस तुन्ह्या पाठवर शे."

"मी ऐकतोय हं," पाठीवरून सोहनलाल म्हणाला.

एकेचाळीस नंबरपाशी धुकं विरलं. खाली बोरझिऱ्याचे दिवे लागायला सुरुवात झाली होती, आणि माळावरून भटू आणि त्याची नवी नवरी हाका मारत वर येत होती, तीच जिने चपला हातात धरून नदी ओलांडली होती. आताही तिच्या चपला हातातच होत्या.

सोहनलालचा पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. काकी घरात पाय टाकल्या टाकल्या आबाच्या पाया पडायला वाकली, तर आबा मागे सरला.

"अक्का, नको. मी तुले खोटं सांगं व्हतं."

"खोटं कसं? तुम्ही म्हणालात माणूस परत येतं. आलो ना?"

 आबा चुलीपाशी जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. मंजूने मोडलेल्या चौकटीला वेळूची चौथी बाजू बांधली. कौतिकने त्या दिवशी चढताना एकही टोमणा मारला नाही, उलट चौकट स्वतःच्या खांद्यावर घेतली. चौथं कुंड, डावा खांदा, पाचवं, सहावं. सहाव्यानंतर एका धुराड्यासारख्या उभ्या फटीतून पाठ आणि पाय टेकवत वर सरकायचं. आबा चढला, दोर टाकला. मंजू चढली. आणि समोर सातवं कुंड!

ते मोठं नव्हतं. एखाद्या घराच्या अंगणाएवढं. पण पाणी इतकं नितळ की तळाचे खडे वेगवेगळे मोजता यावेत. काठावर नेचे, मऊ शेवाळ, आणि त्यावर सांबराच्या खुरांचे ठसे, मुंगसाची बारीक पावलं. माणसाचं पाऊल नाही. दगडावर दगड नाही. मंजूने चौकट पंचवीस ठिकाणी टाकली. तुडवलेली जमीन, शून्य. कचरा, शून्य. मोडलेल्या फांद्या, शून्य. उतरंडी, शून्य. ती शून्यं लिहीत गेली आणि तिचा चेहरा फुलत गेला.

"एवढं चालून आली आणि हाती शून्य?" कौतिक म्हणाला.

"पंचवीस शून्यं!" मंजू म्हणाली. "आता खालच्या प्रत्येक आकड्याला अर्थ आला! जिंकलो, आबा!" आणि तिने त्या शेवाळावर पाऊल न टाकता, खडकावरच एक उडी मारली.

मग तिने आबाचं मनगट धरलं. मिनिटभर घड्याळ पाहिलं.

"बासष्ट," ती म्हणाली.

परत फिरताना फटीच्या तोंडाशी आबाची सगळ्यात जुनी खूण होती, तीन दगड आणि वर लहानसा चौथा. आबा तिच्यापाशी थांबला. त्याने चौथा दगड उचलला, कुरवाळला, आणि नाळेत भिरकावला. मग उरलेले तीन.

"आबा!" कौतिक म्हणाला. "तीस वर्षांचं काम आहे ते!"

"वाट ऱ्हायनी तर मानूस येई. नही ऱ्हायनी तर नही येवाव."

सातव्यापासून चौथ्यापर्यंत आबाने आपल्या हाताने आपल्या खुणा मोडल्या. मंजू त्याच्या मागून आली आणि आपल्या खुंट्या उपटत गेली. तिच्या प्रबंधात सातव्या कुंडाचे आकडे आहेत, पण तिथे जायचं कसं ते नाही. पहिल्या दोन कुंडांवर लोकांनी जरूर यावं, बसावं, त्यांची नाडी उतरते, असं तिने लिहिलं. तिसऱ्याच्या पुढे नको, हेही लिहिलं. सरांनी एक ओळ न बदलता प्रबंध पुढे पाठवला, आणि चौथ्या कुंडावर कौतिकने पाटी लावली, ‘पुढे वाट नाही.’ मंजूला पदवी मिळाली त्या दिवशी जवरीलाल शेठनी धरणगावला पेढे वाटले, आणि पहिला पेढा बोरझिऱ्याला एस.टी.ने पाठवला.

काकीचं घर जळगावला चार वर्षांनी झालं. एकमजली.

उपटलेल्या खुंट्यांपैकी चौसष्ट नंबरची आबाने मागून घेतली आणि घराच्या भिंतीत ठोकली. तिच्यावर तो टोपी अडकवायचा. खुंटी अजून तिथेच आहे. चिंधा आबा अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रात, दुपारी, त्याच भिंतीला पाठ टेकून बसला असताना वारला.